पुस्तकांच्या कपाटाची गोधडी: कापडापासून हातशिलाईपर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग तपशील. हातशिलाई पाचपैकी पाच, वेळ पाळणं पाचपैकी तीन, आणि पैसे पुरेपूर वसूल. साताऱ्याजवळच्या एका गावातला दहा-बारा बायकांचा बचत गट ऑर्डरप्रमाणे गोधड्या शिवून देतो. पुस्तकांच्या कपाटासारखी दिसणारी एक गोधडी मी त्यांच्याकडून पूर्ण करून घेतली. दर्शनी थर मी घरी मशीनवर जोडून नेला होता. आतल्या साड्या, अस्तर, धावदोरा, गोट हे सगळं त्यांचं. अशी गोधडी कुणाला भेट द्यायची तर कापड कुठलं घ्यावं, अक्षरं कशी काढावीत, शिवायला कुणाकडे द्यावी, या प्रश्नांवर मी बरीच विचारपूस केली आणि प्रत्येकाने वेगळंच सांगितलं. म्हणून माझा अनुभव सविस्तर लिहितेय.

गोधडी होती आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंसाठी. मी शाळेत असल्यापासून त्या काउंटरवर होत्या. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात आणि त्यावर अनुदान. त्या अनुदानातून ग्रंथपालाच्या हातात काय पडतं हे वाचनालयांशी संबंध असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेवढ्यावर बाईंनी इतकी वर्षं काढली. पावसात छत गळायला लागलं की रॅक स्वतः ओढून मध्ये आणायच्या, सुट्टीत आलेल्या पोरांना पुस्तक हाताळायला द्यायच्या, कधी कुणाला हाकललं नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि श्रीफळ समिती देणारच होती. आम्हा वाचकांना असं काहीतरी द्यायचं होतं, जे फक्त बाईंनाच देता येईल.

रांगेत उभी पुस्तकं आणि त्यांच्या पाठींवर आवडत्या पुस्तकांची नावं, हा नमुना अमेरिकेतल्या क्विल्ट करणाऱ्या बायकांमध्ये फार लोकप्रिय आहे आणि त्याचे फोटो आपल्याकडेही सारखे फिरत असतात. नावं घालायची तर कुणाच्या आवडीची? बाईंनी स्वतःची आवड आम्हाला कधी कळू दिली नाही. "तुला काय हवंय ते सांग," एवढंच. मग एका वाचक मैत्रिणीने सुचवलं की पाठीवर नाव नकोच, वर्गांक घालू. ग्रंथालयात पुस्तकाच्या पाठीला खाली जी छोटी चिठ्ठी डकवलेली असते, त्यावरचा आकडा. प्रत्येक विषयाला आकडा द्यायची, अमेरिकी ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली काढलेली ही पद्धत आमच्या वाचनालयात चालते, आणि बाई त्या आकड्यांतच बोलतात. पक्ष्यांवरचं पुस्तक मागितलं की "पाचशे अठ्ठ्याण्णव, खिडकीजवळ." स्वयंपाकाचं मागितलं की "सहाशे एक्केचाळीस, खालचा खण." त्यांना वाचता येईल आणि बाकीच्यांना फक्त सुंदर दिसेल, अशी गोधडी करायची ठरली.

आकडे असे घेतले. २९४.५ हिंदू धर्म, ३९८.२ लोककथा, ४९१.४६ मराठी भाषा, ५८२.१३ फुलझाडं, ५९८ पक्षी, ६४१.५ पाककृती, ७९२ नाटक-रंगभूमी, ९१०.४ प्रवासवर्णनं, ९२० चरित्रं, ९५४.७९२ महाराष्ट्राचा इतिहास. आणि एक अख्खा खण मराठी साहित्याचा: ८९१.४६१ कविता, ८९१.४६२ नाटकं, ८९१.४६३ कथा-कादंबरी, ८९१.४६४ निबंध. आमच्याकडे कादंबऱ्यांचेच रॅक सगळ्यात जास्त, म्हणून त्या खणात ८९१.४६३ सर्वांत जास्त वेळा. याशिवाय ७४६.४६ हा आकडा मुद्दाम घातला. ठिगळकाम आणि गोधडीकामाची पुस्तकं या वर्गात येतात.

माप साधं ठेवलं. गोधडी पाच फूट बाय साडेसात फूट, म्हणजे साठ बाय नव्वद इंच. चारी बाजूंना साडेसात इंचांची चौकट, आत पाच खण, प्रत्येक खणात पुस्तकांसाठी तेरा इंच उंची आणि खाली दोन इंचांची फळी. पुस्तकाची पाठ दीड इंचापासून चार इंचांपर्यंत, म्हणजे एका खणात सतरा-अठरा पुस्तकं बसतात. सगळी एका उंचीची असली की कपाट खोटं दिसतं, म्हणून काही नऊ इंचांची, काही अकरा, काही बारा. पुस्तक जेवढं बुटकं, तेवढा काळपट तपकिरी कापडाचा तुकडा त्याच्या डोक्यावर आधी जोडायचा, म्हणजे सगळ्या पट्ट्यांची उंची सारखी होते. मग पट्टीला पट्टी जोडत जायचं. दोन्ही बाजूंना पाव इंच माया (टिपेबाहेरचं जास्तीचं कापड) सोडायची आणि प्रत्येक टीप मारली की लगेच इस्त्री. इस्त्रीचा आळस केला तर खणाच्या शेवटापर्यंत ओळ इंचभर सरकते. प्रत्येक खणात एक पुस्तक कललेलं ठेवलं, शेजारचं कुणीतरी वाचायला नेलंय असं. त्याच्या दोन्ही बाजूंना तिरकी कापलेली काळपट पट्टी लागते. हे काम किचकट आहे, पण सगळ्यांची नजर आधी त्या कललेल्या पुस्तकांवरच जाते.

आता कापड. मोती चौकाच्या बाजूला एक जुनं मॅचिंग सेंटर आहे, जिथून साताऱ्यातल्या निम्म्या बायका ब्लाउजपीस घेत असतील. टू बाय टू रुबियाच्या इतक्या छटा एका भिंतीवर एकत्र दुसरीकडे मिळणार नाहीत, आणि पुस्तकांच्या पाठींचे रंग खरे वाटायला छटाच लागतात. एकाच लाल रंगाची पाच पुस्तकं शेजारी असली तर ती पुस्तकं वाटत नाहीत. जुन्या कापडी बांधणीचा विटका लाल, पाठ्यपुस्तकाचा भडक लाल, पोथीच्या वेष्टनाचा कुंकवासारखा लाल, असे वेगवेगळे हवेत. त्या दुकानात मी प्रत्येक ठाण दाराशी उजेडात नेऊन बघितलं आणि काउंटरवरच्या काकांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मात्र पाव-पाव मीटर मागितल्यावर ते अडले. "ताई, कमीत कमी अर्धा तरी घ्या." त्यामुळे काही छटा गरजेपेक्षा जास्त घ्याव्या लागल्या. उरलेल्या बहुतेक कापडाच्या पिशव्या झाल्या, त्यामुळे वाया काही गेलं नाही.

मागच्या काळपट भागासाठी मी पॉपलिनही बघितलं होतं आणि थोडं आणलंही. स्वस्त असतं, सुळसुळत नाही, मशीनवर सरळ चालतं. पण गोधडीसाठी त्याची शिफारस मी करणार नाही. कारण पुढे येतंय.

निम्म्याहून जास्त पाठी नव्या कापडाच्या नाहीतच. वाचनालयाच्या नेहमीच्या वाचकांकडून जुने कपडे मागवले, आणि अट एकच घातली: सुती हवं आणि खूप धुतलेलं हवं. निवृत्त शिक्षिका असलेल्या एका आजींनी त्यांची गर्द हिरवी इरकल दिली. तिचे काठ मी पुस्तकांच्या पाठींवर आडवे लावले, जुन्या बांधणीवर सोनेरी पट्टे असायचे तसे. प्रवासवर्णनांचा रॅक ज्यांनी संपवलाय अशा एका काकांनी त्यांचा चौकड्यांचा शर्ट दिला. तो अर्थातच ९१०.४ झाला. पाककृतींच्या पाठी एका काकूंच्या फिकट पिवळ्या सुती साडीतून आल्या, आणि ५८२.१३ साठी जांभळं कापड हवंच होतं, कारण साताऱ्यात फुलांचं पुस्तक म्हटलं की आधी कास पठार आठवतं. ते जांभळं एका मुलीच्या ओढणीतून मिळालं. इतिहासाच्या पाठीला अजिंक्यताऱ्याच्या दगडासारखा करडा-काळा रंग शोधत होते, तो एका जुन्या खादीच्या झब्ब्यात सापडला.

इरकलच्या काठांबद्दल एक सावधगिरी. बरेचदा अंग सुती आणि काठ कृत्रिम रेशमाचे असतात. सुती कापडावर फिरवतो तेवढ्या गरम इस्त्रीने काठ आक्रसतो आणि चकाकतो. मध्ये ओला रुमाल ठेवून हलक्या इस्त्रीने दाबावा. काठाचे धागेही फार सुटतात, त्यामुळे पाव इंचाऐवजी अर्धा इंच माया सोडावी. जुनी साडी कापायच्या आधी खिडकीसमोर उजेडावर धरावी. विरलेला भाग लगेच दिसतो. तो पाठींना वापरायचा नाही, आतल्या थरात घालायचा.

आणि नवं कापड न धुता वापरायचं नाही, हे दुकानदार काहीही म्हणाला तरी. आणलेल्या रुबियातला एक मरून रंग "पक्का" म्हणून दिला होता. घरी पहिल्या पाण्यात बादली लाल झाली, दुसऱ्या पाण्यातही रंग सुटला, तिसऱ्यातही. ज्या दुकानातून तो आला, त्याने बदलून दिला नाही. रंग तपासायची सोपी रीत अशी: कापडाचा तुकडा ओला करायचा, पांढऱ्या जुन्या कापडात दाबून धरायचा आणि वरून गरम इस्त्री फिरवायची. पांढऱ्यावर डाग उमटला तर ते कापड गोधडीत नको. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, पण या मरूनवर त्याचा काही परिणाम झाला नाही. ते कापड मी वापरलंच नाही. पांढऱ्या अस्तराच्या गोधडीत एक कच्चा रंग सगळ्या कामाची माती करतो.

आकड्यांचं भरतकाम हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग. पोवई नाक्याच्या पलीकडे एका ठिकाणी कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी करून मिळते. शाळांच्या गणवेशावरचे बिल्ले, दुकानांच्या टी-शर्टवरची नावं, अशी कामं तिथे होतात. नमुन्यादाखल चार चिठ्ठ्या करून घेतल्या. काम वेगवान आणि आकडे छापल्यासारखे एकसारखे. पण मशीन आकड्याच्या आत इतके दाट टाके भरतं की कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होतं, आणि मागे आधाराला लावलेला कागद पूर्ण निघत नाही. ती चिठ्ठी गालाला लावून बघितली तेव्हा टोचली. ज्या वस्तूत माणूस गुरफटून झोपणार, तिच्यावर नव्वद जागी असं टोचणारं काही नको. बिल्ला किंवा पिशवी करायची असेल तर तिथे जरूर जावं. त्या कामात ते चोख आहेत.

मग आम्ही हाताने काढले. पांढऱ्या मलमलचे सव्वा इंचाचे चौकोन, त्यावर पेन्सिलीने आकडा, आणि अँकर कंपनीच्या भरतकामाच्या दोऱ्याने उलटी टीप. अँकरची लडी आठ मीटरची आणि सहा पदरांची असते. त्यातले दोनच पदर घ्यायचे. तीन घेतले की ८ ची पोटं बुजतात आणि दशांशचिन्ह गाठीसारखं दिसतं. दोन पदरांत ८९१.४६३ हा लांबलचक आकडासुद्धा सव्वा इंचात दोन ओळींत नीट बसतो. वर ८९१, खाली .४६३, खऱ्या चिठ्ठीवर असतो तसाच. दशांशचिन्हासाठी एकच फ्रेंच नॉट, म्हणजे सुईला दोरा गुंडाळून घातलेली बारीक गाठ. आमच्यातल्या तिघी-चौघींनी वाचनालयाच्या ओसरीवर नाही (बाईंना कळलं असतं), एकमेकींच्या घरी बसून हे केलं. प्रत्येकीचा ४ वेगळा आला. तो तसाच ठेवला, कारण वाचनालयातल्या चिठ्ठ्याही वेगवेगळ्या हातांनीच लिहिलेल्या आहेत.

दर्शनी थर तयार झाल्यावर तो शिवायला कुणाकडे द्यायचा, हा खरा प्रश्न होता. रजया-गाद्यांच्या दुकानात मशीनवर क्विल्टिंग करून देतात. तिथे विचारलं. आत फायबरचं शीट घालून एका दिवसात देतो म्हणाले, भावही कमी. त्यांनी तयार केलेल्या रजया हातात घेऊन बघितल्या. फुगलेल्या, हलक्या, उबदार आहेत यात शंका नाही. पण मशीनची टीप सरळ रेषेत सगळ्यावरून फिरते, पुस्तक मध्ये येवो नाहीतर आकडा. आणि फायबर फुगलं की पाठींच्या कडा गोल होतात, पुस्तकं उशांसारखी दिसतात. ऑनलाइन छापील पुस्तकांच्या रजयाही मिळतात. एका ओळखीच्यांकडे आहे ती पॉलिस्टरची, अंगाला घाम आणणारी. भेट म्हणून ती कुणालाही देता येते, हीच तिची अडचण.

बचत गटाचं नाव एका नातेवाइकाच्या घरी बाळाचं दुपटं बघून कळलं. त्या दुपट्याचे टाके बघूनच मी ठरवलं होतं. गटातल्या थोरल्या मावशी पहिल्या भेटीत माझा थर ओसरीवर पसरून गुडघ्यांवर बसल्या आणि तळवा फिरवत एकेक पाठ बघत गेल्या. मग विचारलं, "ताई, ह्ये काय गट नंबर हायत व्हय?" सातबाऱ्यावरचे. मी सांगितलं, प्रत्येक पुस्तक कपाटात कुठे राहतं त्याचा हा नंबर. "म्हंजे त्येच की," त्या म्हणाल्या, आणि कामाचं बोलायला लागल्या.

त्यांची पहिलीच हरकत पॉपलिनवर. काळपट भागात काही ठिकाणी मी ते लावलं होतं. मावशींनी लांब सुई तिथे घातली, अंगठ्याने रेटली आणि मान हलवली. "ह्यो कपडा लई दाट हाय. हितनं सुई जाईना. जिथं रुबी हाय तिथं बगा कशी जाती." खरंच, रुबियात आणि जुन्या साडीत सुई आपोआप उतरत होती. पॉपलिनची वीण घट्ट, त्यात खाली आणखी तीन थर आणि मशीनच्या टिपेची दुमड. तिथे हात दुखतो, टाका मोठा पडतो आणि ओळ वाकडी जाते. त्यांच्या सांगण्यावरून मी ते तुकडे उसवून तिथे धुतलेल्या जुन्या साडीचं कापड लावून आणलं. गोधडीच्या कापडाची माझी कसोटी तेव्हापासून हीच: चार थरांतून हाताची सुई सहज आरपार जाते का? जात नसेल तर ते कापड कितीही देखणं असलं तरी नको.

थर किती आणि कसे, हेही त्यांनीच ठरवलं. साडेपाच मीटरची सुती साडी मधोमध कापून दोन तुकडे लांबीला लांबी जोडले की पाच बाय साडेसात फुटांचा एक थर निघून वर तुकडा उरतो. म्हणजे एका थराला एक साडी. आत दोन, खाली अस्तराला एक, वर आमचं कपाट. साताऱ्याच्या थंडीला एवढं पुष्कळ. आतल्या दोन्ही साड्या वाचकांच्याच घरातून आल्या. अस्तराची पांढरी साडी मात्र मी नवी मलमलची घेतली आणि धुऊन दिली.

शिवण्याच्या पद्धतीवर आमचं थोडं जुंपलं. त्यांची रीत अशी की कडेपासून सुरुवात करायची आणि चौकोनात चौकोन करत मध्यभागी यायचं. मला टाके पुस्तकांच्या उभ्या कडांना धरून हवे होते, म्हणजे प्रत्येक पाठ उठून दिसेल. मावशी म्हणाल्या, नुसतं उभं शिवलं तर धुताना आतल्या साड्या खाली गोळा होतील. शेवटी मधला मार्ग निघाला तो त्यांनीच काढलेला: चौकट आणि फळ्यांवर त्यांच्या पद्धतीने आडवे-उभे धावदोरे, बोटभर अंतराने, खणांत मात्र प्रत्येक पाठीच्या दोन्ही कडांना लागून एक-एक ओळ आणि रुंद पाठींच्या मधोमध आणखी एक. आकड्यांच्या चिठ्ठीभोवती सुई वळवून घेतलेली, एकाही आकड्यावरून दोरा गेलेला नाही. हे मी सांगितलं नव्हतं.

टाके बघायला मी मध्ये एकदा गेले होते. अंगणात सतरंजीवर गोधडी पसरलेली, थर सरकू नयेत म्हणून मोठे कच्चे टाके घातलेले, आणि चारी बाजूंना चौघी. एका इंचात चार टाके, थोडेफार इकडेतिकडे. मागून बघितलं तरी तेवढेच आणि तसेच. गाठ कुठेही दिसत नाही, ती थरांच्या आत ओढून घेतात. पांढऱ्या दोऱ्यामुळे काळपट भागावर टाके ठिपक्यांसारखे दिसतात, आणि मला आधी वाटलं होतं तेवढं ते खटकत नाही. उलट, मागचं पांढरं अस्तर बघितलं तर त्यावर नुसत्या टाक्यांनी काढलेलं अख्खं कपाट दिसतं. खण, फळ्या, कललेली पुस्तकं, सगळं. काही वाचकांना मागची बाजूच जास्त आवडली. मलाही.

उणिवा दोन. वरच्या उजव्या कोपऱ्यात गोट लावताना कापड थोडं ओढलं गेलंय, तिथे सुरकुती आहे. सांगितल्यावर उसवून परत लावून देतो म्हणाल्या, पण तेवढा वेळ उरला नव्हता. आणि तीच मोठी तक्रार: वेळ. मे महिन्यात काम दिलं, जुलैच्या मध्याला देतो असं ठरलं. मृगाचा पाऊस चांगला झाला, पेरण्या सुरू झाल्या, मग भांगलण, आणि गटातल्या सगळ्याच बायका रानात. फोन केला की "आज-उद्यात बसतोय." गोधडी हातात पडली ती समारंभाच्या आदल्या संध्याकाळी. त्यांचं शेत आधी, हे मला समजतं आणि पटतंही. पण तारीख सांगतानाच पावसाचा हिशेब धरून सांगायला हवी होती. ज्याला ठरलेल्या दिवशी भेट द्यायची आहे त्याचा जीव टांगणीला लागतो.

मजुरी अडीच हजार रुपये, दोरा आणि गोट त्यांचा. चौघींनी इतके दिवस वाकून केलेल्या कामाला ही रक्कम मला कमी वाटते, आणि मी तसं त्यांना सांगितलं. आम्ही वाचकांनी वर आणखी पैसे जमवून दिले. घासाघीस करणाऱ्यांना माझी विनंती आहे की आधी एक हातभर ओळ स्वतः चार थरांतून शिवून बघा.

अस्तराच्या कोपऱ्यात आम्ही एक छोटा कापडी खिसा लावला, पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आत असतो तसा. त्यात कापडाचीच तारीखपट्टी. तारखांच्या जागी ज्यांनी कपडे दिले आणि ज्यांनी आकडे काढले त्या सगळ्यांची नावं, एकाखाली एक, दांडीटाक्यात.

समारंभात बाईंनी गोधडी उघडली आणि आधी काही बोलल्याच नाहीत. चष्मा लावला, वरच्या खणापासून डावीकडून उजवीकडे आकडे वाचत गेल्या, ओठ हलत होते. ५९८ वर बोट ठेवून म्हणाल्या, "हे खिडकीजवळ." ९१०.४ चा चौकड्यांचा शर्ट त्यांनी ओळखला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या काकांकडे बघितलं. ७४६.४६ पाशी थांबल्या. "हा वर्ग आपल्याकडे नाही. एकही पुस्तक नाही या विषयाचं." मग स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, "आता आहे." भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलं म्हणजे ग्रंथ उपयोगासाठी असतात. ते त्यांनी भाषणात सांगितलं आणि गोधडी भिंतीवर टांगणार नाही, पांघरणार, असं सगळ्यांसमोर जाहीर केलं.

त्या पांघरतायत. दिवाळीनंतर थंडी पडल्यापासून रोज. मधल्या काळात दोनदा धुऊनही झाली, त्यामुळे आता टिकाऊपणाबद्दल लिहिता येतं. रंग कुठेही सुटलेला नाही, आतल्या साड्या सरकलेल्या नाहीत, आकड्यांचा एकही टाका निघालेला नाही. धुतल्यावर सगळे थर किंचित आटून टाक्यांच्या मध्ये बारीक चुण्या पडल्या आहेत आणि गोधडी पहिल्यापेक्षा मऊ झाली आहे. इरकलच्या एका काठाची कड थोडी सुटायला लागलीय. ती मी हाताने तुरपून देणार आहे. मशीनमध्ये टाकू नये. मोठ्या टबात थंड पाण्यात, साध्या साबणाने, न पिळता, आणि वाळत घालताना दोरीवर एका ठिकाणी न लोंबकळवता दोन दोऱ्यांवर पसरून. ओली असताना ती चांगलीच जड होते, बाईंना एकटीला उचलत नाही. धुवायच्या दिवशी आमच्यातली एक जण जाते.

हा गट एका वेळी दोनच मोठ्या गोधड्या हातात घेतो. निम्मे पैसे आधी, निम्मे काम झाल्यावर. कामाचा खरा काळ सुगी उरकल्यानंतर, म्हणजे मार्च ते मे. जूनच्या पुढे काम दिलंत तर ठरलेल्या तारखेच्या पुढे महिनाभर हातचा धरा. कापड तुमचं असेल तर धुऊन, रंग तपासून, पॉपलिन वगळून न्या, आणि मापाचा कागद सोबत द्या. थोरल्या मावशींना कपाटाचा नमुना आवडलाय; उरलेल्या रुबियातून त्यांनी त्यांच्या नातीसाठी तसंच एक दुपटं बेतायला घेतलंय. तिला पाढे शिकायचेत म्हणून पाठींवर दोनचा पाढा घालणार आहेत, आणि त्याचे आकडे काढून द्यायचं मी कबूल केलंय.